मुठीएवढं काळीज



आम्ही कवी मंडळी काळजाबद्दल फार बोलतो. काळीज तुटतं, काळीज जळतं, काळीज कुणाच्या तरी ओट्यात टाकलं जातं. आज मला बोलायचं आहे ते छातीत धडधडणाऱ्या, आपल्याच मुठीएवढ्या असलेल्या आणि ईसीजीच्या वायरी लावून ज्याचा आलेख काढता येतो त्या काळजाबद्दल. त्यातही भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि पलीकडे चाकणपर्यंत पसरलेल्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात राबणाऱ्या आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांच्या काळजाबद्दल.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण एका जिवलग दोस्ताबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बरीच वर्षं बसलो. डॉक्टरांना, समुपदेशकांना प्रश्न विचारत राहिलो आणि मिळेल ते वाचत गेलो. तेवढीच माझी शिदोरी. औषधाचा निर्णय मात्र ज्याचा त्यानं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण या रोगाच्या भारतातल्या अभ्यासाचं एक मोठं केंद्र आपल्या भोसरीच्या एमआयडीसीतच आहे. १९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्हीबाधित आढळले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९९२ साली, भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. लोक तिला 'नारी' म्हणत. आता तिचं नाव बदलून 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च' असं लांबलचक झालं आहे, पण जागा तीच. आजूबाजूला प्रेसचे ठोके, लेथची घरघर आणि मध्ये विषाणूंची प्रयोगशाळा. कामगारांच्या पाळ्या या इमारतीवरून जात-येत राहिल्या. आत काय चालतं याची चौकशी फारसं कुणी केली नाही, कारण त्या रोगाचं नाव काढणंही तेव्हा वाईट समजलं जायचं.

तो काळ आठवतो. एचआयव्ही म्हणजे मरण, हे समीकरण पक्कं होतं. ट्रक ड्रायव्हर, गावी बायकापोरं ठेवून खोलीवर राहणारे कामगार, पाळीवर येणारी-जाणारी तरुण पोरं यांच्यातलं कुणी वाळत चाललं की वस्तीत कुजबुज व्हायची. औषधं होती, पण ती परदेशात; वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर. मग २००१ साली आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला साधारण एका डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्यांना म्हणतात एआरटी. आज पिंपरीत संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही एआरटी केंद्र आहे. देशात एचआयव्हीसह जगणारे पंचवीस लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे.

वेळेवर निदान झालं, गोळी नियमित घेतली, तर या माणसांचं आयुष्य आता इतरांच्या जवळपास जातं. ही आपल्या काळातली फार मोठी गोष्ट आहे. विशीत-तिशीत ज्यांच्या नावावर काट मारली गेली होती, ते आज पन्नाशी ओलांडून नातवंडं खेळवत आहेत. पण पन्नाशी आली म्हणजे पन्नाशीचे आजारही आले. आणि इथूनच आजचा विषय सुरू होतो.

माझ्या दोस्ताची गोष्ट सांगतो. त्याच्या परवानगीनं सांगतो. नाव, गाव, कंपनी काही सांगणार नाही. हा गडी भोसरीत प्रेसशॉपमध्ये होता. २००७ साली वजन घटलं, ताप जाईना, तेव्हा तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला. वहिनींची तपासणी झाली, त्या निगेटिव्ह. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहा महिन्यांत माणूस पुन्हा उभा राहिला. पण दोन-तीन वर्षांत त्याचे गाल आत गेले. हातापायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या आणि पोट मात्र सुटलं. कंपनीत लोक म्हणायचे, 'पितो वाटतं.' गाल झाकायला त्यानं दाढी वाढवली. मला म्हणायचा, "भाई, तुझ्यापेक्षा माझीच दाढी मोठी झाली की रे!" हसायचा, पण आरशात बघणं त्यानं सोडून दिलं होतं.

हे का झालं, ते नंतर कळलं. त्या काळच्या मोफत उपचारात स्टॅव्हुडिन नावाचं एक औषध होतं. त्यानं लाखो जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. पण ते कातडीखालची चरबी, विशेषतः गालांची आणि हातापायांची, खाऊन टाकायचं. ही चरबी आपल्याला नकोशी वाटते, पण ती शरीराचं गोदाम असते. गोदाम पाडलं तर माल कुठे जाणार? तो यकृतात, पोटातल्या आतड्यांभोवती, स्नायूंमध्ये साचतो, आणि तिथे तो उपद्रव करतो. झिडोव्हुडिन या जुन्या औषधातही हा दोष काही प्रमाणात होता. इंडिनाव्हिरसारखी काही औषधं तर साखरेच्या पेशीत जाण्याच्या वाटेवरच अडथळा आणायची. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा असं सांगितलं. पुढे आपल्याकडेही ते बंद झालं. दोस्ताची गोळी बदलली. विषाणू रक्तात सापडेनासा झाला. आता सगळं ठीक आहे, असंच त्याला आणि आम्हाला वाटत होतं.

२०२२ सालची गोष्ट. तेव्हा तो चाकणला एका ठेकेदाराकडे कामाला होता. वय एक्कावन्न. दुसऱ्या पाळीत छातीत जळजळ सुरू झाली, जबडा दुखू लागला, घाम फुटला. सोबत्यानं पित्ताची गोळी दिली. पाळी संपवून तो कंपनीच्या बसनं घरी आला. मध्यरात्री वहिनींनी शेजाऱ्याची रिक्षा काढायला लावली आणि दवाखाना गाठला. हार्ट अटॅक होता. रक्तातली साखरही खूप वाढलेली निघाली, आणि ती कधीपासून वाढलेली होती कुणास ठाऊक.

"दुसरी काही औषधं चालू आहेत का?" असं डॉक्टरांनी विचारलं. त्या अवस्थेतही त्यानं मान हलवून 'नाही' म्हटलं. पंधरा वर्षांची सवय! तेव्हा वहिनींनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढली आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी डबी वाचली, कागदावर नाव लिहिलं, वहिनींकडे बघून "बरं झालं दाखवलंत" म्हणाले आणि कामाला लागले. बस्स, एवढंच. ज्या क्षणाला तो पंधरा वर्षं घाबरत होता, तो क्षण अर्ध्या मिनिटात संपला.

श्रोतेहो, एचआयव्ही, साखर आणि काळीज यांचा संबंध काय, हे आता जरा समजून घेऊ.

आपण जेवतो, त्याची साखर होते आणि रक्तातून फिरते. पेशींना ती आत घ्यायची असते, पण दार आपोआप उघडत नाही. स्वादुपिंडातून इन्शुलिन येतं आणि ते दार उघडायला लावतं. चाकणच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर मालाचे ट्रक उभे असतात ना, तसं समजा. ट्रक म्हणजे साखर आणि इन्शुलिन म्हणजे गेटपास. पास दाखवला की फाटक उघडतं. आता फाटकावरचा माणूस हट्टी झाला आणि एका पासवर ट्रक आत सोडेनासा झाला, दोन पास मागू लागला, मग चार मागू लागला, तर? ऑफिस जास्त पास छापू लागेल. यालाच म्हणतात इन्शुलिनला प्रतिकार.

यातली फसवी गोष्ट अशी, की कित्येक वर्षं रस्ता मोकळाच दिसतो. ऑफिस रात्रंदिवस पास छापत असतं, त्यामुळे ट्रक आत जात राहतात आणि रक्तातली साखर नॉर्मल येते. माणूस रिपोर्ट बघून खूश होतो. पण आत वेगळंच चाललेलं असतं. चरबीचे साठे सैल होतात, यकृतात मेद साचतो, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते आणि चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. रक्तदाब चढू लागतो. धमन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. अमेरिकेतल्या डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली या सगळ्या गोष्टी एका धाग्यात ओवून दाखवल्या. शेवटी एक दिवस पास छापणारं ऑफिस थकतं, ट्रकांची रांग हायवेवर येते, आणि तेव्हा आपण म्हणतो, डायबेटिस झाला. खरं तर काळजाचं नुकसान त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं.

आता एचआयव्हीच्या माणसात हे जास्त का होतं? एक कारण जुनी औषधं, ते सांगितलं. पण सगळा दोष औषधांवर टाकणं बरोबर नाही. दुसरं कारण खुद्द विषाणू. तो आतड्यांच्या भिंतीतल्या संरक्षक पेशींवर लवकर घाला घालतो. भिंत कमकुवत झाली की आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. शरीराची पहारेकरी यंत्रणा सतत जागी राहते. विषाणू औषधांनी दाबला गेला तरी ही आतली धग पूर्ण विझत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखी ती राहते, आणि त्या धगीनं धमन्या वेळेआधी म्हाताऱ्या होतात. म्हणूनच या माणसांना हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा साधारण दीड ते दोन पट असतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

तिसरं कारण आपलं हिंदुस्थानी शरीर, आणि याचा शोध लावणारे डॉक्टर आपल्या पुण्याचेच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघंही सडपातळ. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे काय, तर आपला बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही. 'अंगात मांस नाही, याला कसला डायबेटिस?' हे आपलं बोलणं साफ चुकीचं आहे. त्यात एचआयव्हीचा माणूस हडकुळा, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

चौथं कारण आपलं जगणं. तीन पाळ्या, आठवड्याला बदलणारी झोप, ओव्हरटाइम, पाळी सुटल्यावर वडापाव आणि गोड चहा, तळहातावर मळलेली तंबाखू, महिन्याच्या पगारानंतरची 'बैठक'. रात्रपाळीनं झोपेचं घड्याळ बिघडतं आणि साखरेचंही. बिडी-सिगारेट धमन्यांची शत्रू, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडात धरलेली तंबाखूही काळजाला सोडत नाही, हे मात्र लोक मानत नाहीत. आणि पाचवी गोष्ट नव्या औषधांची. आज मोफत मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र असतात. दिवसाला एकच गोळी. विषाणूवर ती उत्तम चालते आणि जुन्या औषधांसारखे गाल बसवत नाही. पण काहींचं वजन तिच्यावर वाढतं. सुरुवातीला लोकांना ते बरंच वाटतं, 'तब्येत सुधारली' म्हणतात. पण वाढ पोटावर होत असेल तर लक्ष ठेवायला हवं.

हे सगळं ऐकून एखाद्याच्या मनात येईल, मग त्या गोळ्याच बंद केलेल्या बऱ्या. नाही! हीच चूक अगदी करायची नाही. २००३ साली युरोप-अमेरिकेतल्या तेवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की त्या वेळच्या औषधांच्या प्रत्येक वर्षागणिक हार्ट अटॅकचं प्रमाण वाढत होतं. शास्त्रज्ञांना तेव्हा वाटत होतं, औषधं अधूनमधून थांबवून बघावीत. पाच हजारांहून अधिक लोकांवर तो प्रयोग झाला. 'स्मार्ट' असं त्याचं नाव. २००६ साली तो मध्येच थांबवावा लागला, कारण औषध थांबवलेल्यांचे मृत्यू जास्त झाले, आणि गंमत अशी की हृदयविकारही त्यांच्यातच जास्त निघाले. औषध काळजाला थोडा त्रास देत असेल, पण मोकाट सुटलेला विषाणू कितीतरी जास्त देतो. गोळी सोडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता चांगली बातमी. २०२३ साली 'रिप्रीव्ह' नावाच्या अभ्यासाचा निष्कर्ष जाहीर झाला. भारतासह बारा देशांतले, एचआयव्हीची औषधं घेणारे, चाळीस ते पंचाहत्तर वयाचे ७,७६९ लोक त्यात होते. त्यांचा हृदयविकाराचा धोका फार मोठा नव्हता, कोलेस्टेरॉलही बहुतेकांचं बेताचंच होतं. अर्ध्यांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सुमारे पाच वर्षांत पहिल्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की गोळी घेणाऱ्यांत डायबेटिसचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं आणि काहींचे स्नायू दुखले. तरीही हिशोब मांडला तर पारडं फायद्याकडे झुकतं. म्हणून चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: 'मला स्टॅटिनची गोळी लागेल का?'

पण काही लागबांधे लक्षात ठेवायला हवेत, आणि लपवाछपवी इथेच जिवावर बेतते. डोल्युटेग्राव्हिर चालू असेल, तर डायबेटिसचं मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं. म्हणून त्याचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो. माझ्या दोस्ताच्या बाबतीत डॉक्टरांनी नेमकं हेच केलं, आणि ते शक्य झालं वहिनींनी डबी दाखवली म्हणून. रिटोनाव्हिर असलेली औषधं घेणाऱ्याला सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी देता येत नाही; स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. पित्तावरच्या मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरच्या जोडीला घेतल्या, तर एचआयव्हीची गोळी नीट शोषली जात नाही. एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. आता सांगा, ज्या डॉक्टरला तुमची एक डबी माहीतच नाही, तो दुसरी डबी कशी देणार?

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. इज्जतीच्या बाबतीत असेलही. पण काळीज मुठीएवढं असतं, आणि ही मूठ डॉक्टरांसमोर झाकून ठेवली तर तिची किंमत कवडीचीही राहत नाही. सगळ्या जगाला सांगा असं मी म्हणत नाही. सांगू नका, तो तुमचा हक्क आहे. २०१७ साली संसदेनं एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. कुणालाही त्याची एचआयव्हीची माहिती उघड करायला भाग पाडता येत नाही. नोकरीला लावताना एचआयव्हीच्या तपासणीची अट घालता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं किंवा उपचार नाकारणं हा कायद्यानं भेदभाव आहे. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात अशा तक्रारींसाठी अधिकारी नेमायला हवा. आपल्या पट्ट्यात असे शेकडो कारखाने आहेत. तिथल्या किती फळ्यांवर या अधिकाऱ्याचं नाव लिहिलं आहे, हे युनियनच्या मंडळींनी एकदा फिरून बघावं.

माझ्या दोस्ताचं पुढं काय झालं तेही सांगतो. विषाणूची बातमी फुटेल आणि नोकरी जाईल, या भीतीनं त्यानं पंधरा वर्षं तोंड मिटून काढली. ती बातमी कधी फुटली नाही. पण हार्ट अटॅकनंतर ठेकेदारानं 'आराम करा, बोलावतो' असं सांगितलं आणि परत बोलावलं नाही. ज्याची भीती बाळगली त्यानं काही केलं नाही. ज्याकडे लक्ष दिलं नाही त्यानं रोजी घेतली. आता तो एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. पगार निम्मा, पण रात्रपाळी नाही. रोज संध्याकाळी पाऊण तास चालतो, तंबाखू सुटली आहे, साखर ताब्यात आहे.

बायका या बाबतीत थोड्या नशीबवान म्हणायच्या. गरोदरपणात त्यांची तपासणी होते, निदान लवकर होतं. पुरुष अंथरुणाला खिळल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. एचआयव्हीचंही तसंच, काळजाचंही तसंच. छातीत दुखलं तर गॅस, हात दुखला तर लोड उचलला म्हणून, दम लागला तर वय झालं. कारणं तयारच असतात.

म्हणून चार सोप्या गोष्टी सांगतो. शिंप्याकडची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीला पोटाचा घेर मोजा. आपल्या पुरुषांमध्ये तो ९० सेंटीमीटरच्या वर गेला तर सावध व्हायचं. वजनकाट्यापेक्षा ही टेप खरं बोलते. वर्षातून एकदा तरी उपाशीपोटी रक्तातली साखर बघा. शंभरच्या आत चांगली, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर डायबेटिस, मधली असेल तर तो इशारा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी एचआयव्हीच्या माणसांत कधी कधी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून निदानासाठी उपाशीपोटीची साखर बघणं चांगलं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचीही नोंद ठेवा. आणि छातीत दाब, जळजळ, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही झालं, तर पाळी संपायची वाट बघू नका. १०८ला फोन करून अँब्युलन्स बोलवा. अटॅकमध्ये मिनिटा-मिनिटाला काळजाचा स्नायू मरत असतो. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

माझ्या समाजातल्या भावांसाठी एक शब्द. रमजानात रोजे ठेवायचे म्हणून कुणी एआरटीची गोळी सोडू नये. दिवसाला एकच गोळी असेल, तर ती इफ्तारनंतर ठराविक वेळी घेता येते. वेळ बदलण्याआधी केंद्रावर विचारून घ्या. पण सोबत डायबेटिस असेल, काळजाचा त्रास होऊन गेला असेल, तर रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारणं गरजेचं आहे. आजारी माणसाला मजहबनं सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. आणि इफ्तारच्या ताटातली भजी, शीरखुर्मा यांचा हिशोब निरोग्यानंही ठेवावा. हाच सल्ला उपास-तापास करणाऱ्या माझ्या वारकरी मित्रांनाही लागू आहे. साबुदाण्याची खिचडी साखरेच्या बाबतीत भोळी नसते!

शेवटी, ज्यांना हा आजार नाही अशा श्रोत्यांशी दोन शब्द. जो माणूस नियमित गोळी घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. उपचार सुरू केले की लागण थांबते, हे दाखवणाऱ्या २०११ सालच्या जागतिक अभ्यासात आपल्या भोसरीच्या संस्थेचाही वाटा होता. मग शेजारी बसून डबा खाल्ल्यानं, एकाच मशीनवर काम केल्यानं, एका ग्लासातून पाणी प्यायल्यानं काय होणार? काही नाही. पूर्वीही होत नव्हतं. आपल्या नजरेला घाबरून हा माणूस डबी लपवतो. लपवलेली डबी डॉक्टरांपर्यंत पोचत नाही आणि मग साखर, रक्तदाब, काळीज यांचं मोजमापच होत नाही. औषध सरकार देतं, संशोधन शास्त्रज्ञ करतात. नजर मात्र ज्याची त्यालाच बदलावी लागते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

तुमच्या शॉपमध्ये, तुमच्या सोसायटीत, तुमच्या नात्यात असा एखादा माणूस असेल. तो तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. पण पन्नाशीच्या कुणाचीही छाती दुखायला लागली, तर खिशातली पित्ताची गोळी काढण्याआधी मोबाइल काढा आणि १०८ लावा. एवढं करा.